उतारावरच्या माश्या

बायको : तुम्ही या बाई आत. ह्यांना राहू द्या तिथेच, माझ्या भावाच्या उंबऱ्याबाहेर.

फवारणीवाला : मी कुठे आत येतोय? मी नुसतं घर दाखवायला...

बायको : दाखवलंत ना? झालं तर मग.

माशीवाली : ताई, त्यांना मीच बरोबर आणलं. मला जे सांगायचंय ते तुम्हा दोघांना एकत्रच सांगायचंय.

बायको : तुम्ही डॉक्टर?

माशीवाली : माणसांची नाही. मी माश्यांचा अभ्यास करते, वाळूमाशीचा. तुमच्या मोठीला जो काळा आजार झाला...

बायको : तो तिच्या चावण्याने होतो. माहितीये. नवरा फवारणीवर असला की एवढं आपोआप कळतं. अख्ख्या गावाच्या भिंती हे फवारणार, आणि मेली कोण? ह्यांचीच पोरगी.

फवारणीवाला : अगं, मी औषधात पाणी...

बायको : नाही घातलं! ऐकलंत बाई? रोज दारात येऊन उभे राहतात आणि एवढंच बोलतात. खाली ओढ्याकाठच्या घरांत ह्यांनीच फवारलं. तिथे माश्या पटापट मेल्या, एकालाही आजार झाला नाही. वर आमच्या उतारावर तोच पंप, तोच माणूस, आणि माशी ढिम्म हलली नाही. मग औषध गेलं कुठे? ह्यांनी विकलं, बागवाल्याच्या शेडमध्ये गेलं. सगळे तेच म्हणतात.

माशीवाली : सगळे म्हणतात. तुम्ही पाहिलंत?

बायको : मी पोरीकडे बघत होते, बाई. दुसरीकडे बघायला सवड नव्हती मला.

माशीवाली : बरोबर आहे. माफ करा.

बायको : बसा. पाणी देते. हळू बोला फक्त, धाकटी झोपलीय.

माशीवाली : या वेळेला? बाहेर तर सगळी पोरं खेळतायत.

बायको : उन्हात हुंदडली असेल. अंग जरा कोमट आहे. तुम्ही बोला तुमचं.

माशीवाली : तुमच्या घराला कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडून घेतली आणि मोठी झोपायची त्या खोलीत दिव्याचा सापळा लावला. तिच्या खाटेच्या मागची भिंत थोडी खरवडली, ती माती प्रयोगशाळेत दिली. तिच्यात औषध आहे, ताई. हवं तेवढं. पाणी घातलेलं नाही.

फवारणीवाला : मी म्हटलं होतं की नाही...

बायको : तुम्ही गप्प बसा. बाई, औषध आहे तर माश्या का नाही मेल्या?

माशीवाली : तेच मलाही कळेना. म्हणून खालच्या घरांतल्या माश्या पकडून आणल्या आणि तुमच्या त्याच भिंतीवर पेला पालथा घालून आत सोडल्या. मेल्या. मग तुमच्या उतारावरच्या सोडल्या.

फवारणीवाला : मी होतो तिथे. मी बघितलं गं. त्या... भिंतीवर बसून राहिल्या नुसत्या. पाय पुसत. जशा काही सावलीत टेकल्यात.

बायको : माशी ती माशी. वरची काय आणि खालची काय!

माशीवाली : दिसायला सारख्याच. भिंगाखाली धरली तरी मला वेगळी ओळखू येणार नाही. पण आतून वेगळी आहे. ही माशी एवढीशी. धड उडतही नाही, उड्या मारत जाते. ओढा आणि तुमचा उतार यांच्यामधला कडा तिला ओलांडता येत नाही. त्यामुळे वरच्यांची वीण वरच, खालच्यांची खाली, पिढ्यानपिढ्या. दोन्हीकडच्या माश्यांची जनुकं तपासली मी. मला वाटलं होतं थोडाफार फरक निघेल. पण ही दोन घराणीच निघाली, एकमेकांत सोयरीकच नसलेली.

बायको : आणि वरच्या घराण्याला औषध लागत नाही.

माशीवाली : नाही लागत. खालच्या सगळ्या जवळजवळ एकसारख्या आहेत, एकीला मारणारं औषध सगळ्यांना मारतं. वरच्यांमध्ये आपसातच फार फरक आहेत. तशात काही अशा निघाल्या की औषध त्यांनी पचवलं. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, आणि पुढची सगळी पिलावळ ह्यांचीच. तुमच्या नवऱ्याने दुप्पट औषध मारलं असतं तरी तेच झालं असतं.

बायको : म्हणजे ह्यांनी काही केलं नाही.

माशीवाली : नाही.

बायको : बागवाल्यानेही नाही.

माशीवाली : नाही.

बायको : आणि औषध पाठवणाऱ्या साहेबांनी?

माशीवाली : त्यांनी सगळीकडे एकच औषध पाठवलं. आत्ता मी जे सांगितलं ते त्यांनाही सांगितलंय. एवढ्याशा उतारासाठी वेगळं औषध मागवता येणार नाही म्हणतात. पुढच्या फवारणीलाही हेच येणार आहे.

बायको : वा! म्हणजे माझी मुलगी गेली ती कुणाच्याच हातून नाही. अशीच गेली. वाऱ्याने दार लागावं तशी.

फवारणीवाला : असं नको बोलूस.

बायको : मग कसं बोलू? बरं होतं हो माझं. सकाळी उठल्याबरोबर तुमचं तोंड आठवायचं आणि अंगात बळ यायचं. चूल पेटायची, पाणी भरून व्हायचं. आता ह्या बाई म्हणतात, तुमच्यावर रागावायचंसुद्धा नाही.

फवारणीवाला : रागाव. मी कुठे नको म्हणतोय? चौकात मारलं लोकांनी तेव्हाही मी... मलाही वाटायला लागलं होतं की कुठेतरी माझंच चुकलं असेल. एखादा कोपरा राहिला असेल. तिच्या खाटेमागचा.

बायको : मारलं? कुणी मारलं?

फवारणीवाला : जाऊ दे.

बायको : दादा होता का त्यात?

फवारणीवाला : जाऊ दे म्हटलं ना!

माशीवाली : ताई, मी खरं तर दुसऱ्याच कामासाठी आलेय. तुम्ही धाकटीला घेऊन भावाकडे का आलात?

बायको : हे काय विचारणं झालं? इथे ह्यांनी नाही फवारलं. दुसऱ्या टोळीने फवारलं, दादा स्वतः उभा होता पुढ्यात. बघा, औषधाने भिंती अजून पांढऱ्या आहेत. म्हटलं, एक गेली, निदान दुसरी तरी...

माशीवाली : हे घरही वरच्याच उतारावर आहे.

बायको : आहे. मग काय, बाई? बोला ना.

फवारणीवाला : मॅडम, मी सांगतो. अगं, इथल्याही माश्या त्याच. भिंत कितीही पांढरी असू दे. त्याच आहेत त्या.

बायको : नाही.

माशीवाली : मागे गोठ्यापाशी तुमच्या भावाने सापळा लावू दिला होता मला. त्यातल्या तपासल्या आम्ही.

बायको : नाही म्हणते ना मी! तुम्ही दोघं मिळून आलात मला हे सांगायला? ह्यांना निर्दोष सोडवायचं म्हणून माझ्या पोरीला...

माशीवाली : तिला ताप कधीपासून आहे?

बायको : ताप नाहीये तिला. कोमट आहे अंग.

माशीवाली : जातो आणि परत येतो?

बायको : सगळ्याच पोरांना येतो-जातो.

फवारणीवाला : मोठीच्या वेळी दवाखान्यात हेच बोललो आपण. आणि डॉक्टर म्हणाले, घर फवारलंय ना, मग तो आजार नसणार. साधा ताप आहे. गोळ्या घेऊन परत आलो आपण. आठवतंय?

बायको : मला सगळं आठवतं. तुम्ही आठवण करून देऊ नका.

माशीवाली : पोट बघितलंत तिचं? डाव्या बाजूला, बरगडीखाली?

बायको : खात नाही नीट, म्हणून वायू धरलाय. वहिनी ओवा की काहीतरी चोळते रोज.

माशीवाली : घट्ट लागतं का हाताला?

बायको : हात लावलाच नाही मी. अंघोळ वहिनी घालते. मोठीच्या पोटाला रोज हात लावून बघायचे, रोज थोडं जास्त लागायचं. हिच्या पोटाकडे माझा हात जातच नाही. मी लांबूनच पांघरूण घालते. कसली आई म्हणायची मी?

फवारणीवाला : मी बघू? तू म्हणालीस तरच. नाहीतर हा मी इथेच उभा आहे.

बायको : चपला काढा. हळू. उठवू नका तिला.

फवारणीवाला : केवढी हलकी झालीय ही...

बायको : तुम्ही पोट बघा.

फवारणीवाला : बघतोय.

बायको : काय?

फवारणीवाला : अगं...

बायको : नका सांगू. कळलं. बाई, खाली उतरायला गाडी मिळेल का तुमची?

माशीवाली : दारातच उभी आहे.

(सरकारी दवाखाना. तपासणीच्या खोलीत टेबलापलीकडे नर्स. नवरा-बायको समोर, मूल त्याच्या खांद्यावर.)

नर्स : वरच्या उतारावरून आलात? मग घराला फवारणी झालीच असेल.

बायको : दोन घरं आहेत. आमचं आणि भावाचं. दोन्हींना झालीय.

नर्स : व्यवस्थित झाली होती? कारण तुमच्या तिकडचं काहीतरी कानावर आलं होतं. कुणी फवारणीवाला आहे म्हणे, औषधात पाणी घालायचा. तसं असेल तर सांगा, लगेच तपासते. नाहीतर ह्या तपासणीच्या पट्ट्या मोजक्याच उरल्यात आमच्याकडे. फवारलेल्या घरातल्या प्रत्येक तापाला लावत बसले तर पुरायच्या नाहीत.

फवारणीवाला : सिस्टर, तो... हो. म्हणजे पाणी घातलेलं होतं. तुम्ही तपासा.

बायको : खोटं बोलू नका.

फवारणीवाला : अगं, लगेच तपासतील. बोलू दे मला.

बायको : नाही. सिस्टर, तो फवारणीवाला म्हणजे हेच. पाणीबिणी काही घातलं नव्हतं. भिंतीची माती तपासून झालीय, औषध पुरेपूर होतं. पण आमच्याकडच्या माश्या त्या औषधाने मरत नाहीत. त्यांचं घराणंच वेगळं आहे. तेव्हा फवारणी झाली आणि नीट झाली असं लिहा, आणि तरीही तपासा.

नर्स : अहो, असं कसं तपासू? मला वर उत्तर द्यावं लागतं.

बायको : द्या की. आमच्या मोठीच्या वेळी ह्याच खोलीत 'फवारलंय ना' म्हणून घरी पाठवलं होतं. तेव्हा मी उठून गेले. आज उठणार नाही.

नर्स : ...ती तुमची होती?

बायको : माझी होती.

नर्स : बोट पुढे करा बाळाचं. धरून ठेवा हं, टोचेल जरा.

फवारणीवाला : झालं, झालं. झालं हं बाळा. बघ, एवढंसं तर होतं.

बायको : किती वेळ लागतो?

नर्स : थोडा. एक रेघ उमटली तर काही नाही. दोन उमटल्या तर...

बायको : पहिली आली.

नर्स : पहिली सगळ्यांचीच येते.

फवारणीवाला : तू बघू नकोस. मी बघतो.

बायको : तुम्हीही बघू नका. तिच्याकडे बघा.

नर्स : ...ताई.

बायको : आली?

नर्स : आली. दाखल करून घेते. मोठीच्या मानाने लवकर आणलंत हिला, एवढं लक्षात ठेवा. औषध सलाईनमधून द्यावं लागेल, पहिले काही दिवस जड जातील. खात्री कुणी देणार नाही, पण बरी होतात पोरं. आणि हे बघा, वॉर्डात रात्री एकालाच थांबता येतं. कोण थांबणार? आई?

बायको : हे थांबतील.

फवारणीवाला : मी? अगं, ती तुझ्याशिवाय झोपते का कुठे?

बायको : झोपेल. तुमच्या खांद्यावर आत्ताही झोपलीच आहे. मी इथेच आहे, बाहेरच्या बाकावर. मोठीसाठी रडायचं राहून गेलंय माझं.