पार्लरचे शटर ओढल्याबाबत

मी, वय वर्षे एकोणतीस, धंदा कापडाच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर नोकरी, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, बेकरीच्या वर, दुसरा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, सासूबाई आणि माझी मुलगी असे राहतो. पती लेथ मशीनवर काम करतात. मुलगी दहा महिन्यांची आहे. तिला घरात ठकी म्हणतात.

आज दुपारी आमच्या गल्लीतल्या पार्लरचे शटर मी खाली ओढले आणि त्याच्यासमोर बसून राहिले, हे खरे आहे. कोणाला आत जाऊ दिले नाही, हेही खरे आहे. पार्लरवाल्या मावशींना मी मारले असे त्यांनी सांगितले आहे, ते खरे नाही. त्यांच्या हातातली डबी मी हिसकावून घेतली. त्या ओढाओढीत त्यांची बांगडी फुटली.

बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले होते. रजा संपवून कामावर गेले तेव्हा दुकानाच्या मालकांनी मला काउंटरवरून उठवून मागे गोदामात घड्या घालायला पाठवले. ते म्हणाले, "राग मानू नकोस. गिऱ्हाईक आधी तोंड बघतं, मग कापड." मी घरी येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जा ना त्या मावशीकडे, ती काहीतरी देईल."

मावशींना मी लग्नाआधीपासून ओळखते. माझ्या लग्नात मला त्यांनीच तयार केले होते. त्यांनी मला पांढऱ्या क्रीमची एक छोटी डबी दिली. डबीवर काही लिहिलेले नव्हते. मी विचारले असता, मोठ्या डब्यातून काढून देते, माल बाहेरचा आहे, असे त्यांनी सांगितले. थोड्याच दिवसांत डाग गेले. चेहरा असा उजळला की मालकांनी मला स्वतः बोलावून काउंटरवर बसवले. पती म्हणाले, "बिल करताना लाईट घालवला तरी चालेल आता." सगळे हसले. मीपण हसले. मग दुकानातल्या मुली, गल्लीतल्या बायका, सगळ्या मला विचारायला लागल्या. मी सगळ्यांना मावशींचे नाव सांगितले.

त्यानंतर ठकी किरकिर करायला लागली. आधी ती बसायला शिकली होती. मग बसवले की एका बाजूला कलंडायला लागली. दिवसभर रडायची, झोप नाही, अंगाला सारखा घाम. तळहात आणि तळपाय गुलाबी झाले आणि त्यांची सालं निघायला लागली. एका डॉक्टरांनी दात येत असतील असे सांगितले. दुसऱ्यांनी उष्णता सांगितली. ती हसायची बंद झाली, हे मी दोघांनाही सांगितले होते. ते त्यांनी लिहून घेतले नाही.

शेवटी तिला मुलांच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारले, "बाळाला अंगाला काय लावता?" मी म्हटले, काहीच नाही. त्यांनी माझ्या गालांकडे बघितले आणि विचारले, "आणि तुम्ही?"

मी पर्समधली डबी काढून दिली. ती तपासायला पाठवली. ठकीची आणि माझी लघवीही तपासली. क्रीममध्ये पारा निघाला. आम्हा दोघींच्या अंगातही निघाला. मी विचारले, पारा म्हणजे थर्मामीटरमधला का. त्या म्हणाल्या, क्रीममध्ये तो दिसत नाही, पण पाराच. डाग त्यानेच जातात. लावणाऱ्याच्या कातडीतून आत जातो, आणि उशीला, टॉवेलला, हाताला लागून घरातल्या बाळापर्यंत पोचतो. मग त्यांनी विचारले, "बाळ तुमच्या गालाला गाल लावून झोपतं का?"

मी हो म्हणाले.

ठकीला दाखल करून घेतले. अंगावरचे दूध बंद करायला सांगितले. घरातल्या उशा, चादरी, टॉवेल पिशवीत बांधून वेगळे ठेवायला सांगितले. सासूबाई सगळे जाळायला निघाल्या होत्या. जाळले तर धुरातून पसरेल, असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून पतींनी त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. सासूबाई जिन्यात बसून राहिल्या. रात्री कोणी जेवले नाही.

आज दुपारी मी दवाखान्यातून थेट पार्लरमध्ये गेले. भांडायला गेले नव्हते. सांगायला गेले होते. खुर्चीत आमच्याच दुकानातली, टॉवेल विकणारी मुलगी डोळे मिटून बसली होती आणि मावशी तिच्या तोंडाला तेच क्रीम लावत होत्या. मी म्हटले, "मावशी, थांबा. ह्याच्यात पारा आहे. माझी ठकी ह्यानेच आजारी पडली."

मावशी म्हणाल्या, "पोरी, डोकं फिरलंय का तुझं? मी स्वतः किती वर्षं लावते. काय झालं मला?" आणि त्यांनी बोटावर क्रीम घेऊन माझ्यासमोर स्वतःच्या गालाला चोळले. बोट पुन्हा डबीत घालताना ते डबीच्या कडेवरच आपटत होते. त्यांचा हात थरथरत होता. आयब्रो करायला त्यांनी आता वेगळी मुलगी ठेवली आहे, हे मला माहीत होते. का ठेवली, ते मी कधी विचारले नव्हते. मी म्हटले, "मावशी, तुमचे हात बघा." त्या म्हणाल्या, "वय झालं माझं." त्यांचे वय माझ्या आईएवढेही नाही.

मग मी डबी हिसकावली. टॉवेलवाल्या मुलीला हात धरून बाहेर काढले. मावशी डबी परत घ्यायला मागोमाग बाहेर आल्या, तेव्हा मी शटर ओढले.

गल्लीतल्या बायका जमल्या. मी त्यांना ओरडून सांगत होते. माझा आवाज बसला आहे तो त्यामुळे. रिपोर्ट घरी नव्हता, दवाखान्यात होता. एक बाई म्हणाली, "तुझं काम झालं, उजळलीस, आता आमच्यासाठी बंद होय?" बाकीच्यांना ते पटले. मी खरे बोलत असते तर माझे तोंड असे उजळ दिसले नसते, असे दुसरी म्हणाली. मी शटरला पाठ लावून बसले. त्यांनी ओढले तरी उठले नाही. मग आपले दोन शिपाई आले आणि मावशींना व मला इथे घेऊन आले.

इथे बाकावर मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर त्यांना सही करायला सांगितली. पेन दोनदा हातातून पडले. तिसऱ्यांदा मी उचलून दिले, तेव्हा त्या पेनाकडे न बघता मला म्हणाल्या, "माझ्या सुनेला दिवस गेलेत. तिच्याकडेपण डबी आहे."

मी म्हटले, "मग मावशी, फोन करा."

त्यांना नंबर दाबता येईना. तो मी दाबून दिला. सुनेशी बोलून झाल्यावर त्यांनी मोठा डबा कोणाकडून येतो ते साहेबांना सांगितले. ते मी ऐकले आहे. सही त्यांनी केली नाही.

मावशींना शिक्षा व्हावी की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यांना दवाखान्यात न्यावे. डबे आजच्या आज ताब्यात घ्यावेत. आणि गल्लीत खाकी कपड्यातले कोणीतरी पाठवून बायकांना सांगावे, कारण माझे कोणी ऐकत नाही, माझ्या तोंडाकडे बघतात.

ठकीला औषध चालू आहे. आता तिला घ्यायला हरकत नाही, असे डॉक्टर बाईंनी काल सांगितले. मी हात धुऊन आले होते. पुन्हा धुऊन आले. तोपर्यंत ती पतींच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून घेतली नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. मात्र शेवटी 'बाळाची प्रकृती आता बरी आहे' असे लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावले. लिहून घेणारे म्हणाले, "बाई, चांगलं म्हणून लिहिलं." डॉक्टरांनी तसे अजून सांगितलेले नाही. बाकी सर्व बरोबर आहे, म्हणून सही करते.