माझ्या नावावर दाढी

...आणि वर ती मलाच म्हणते, "दाढी नंतर काढलीही असेल, मॅडम!" अहो, मला! आकोसिता फालेतौला! चार लेकरांच्या आईला! तुम्ही समोर बसलाय, दिवसाढवळ्या बघताय, सांगा बरं तुम्हीच... मला दाढी आहे का?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईला ऊन लागलंय. आम्ही टोंगा बेटांवरून इथे ऑस्ट्रेलियात, शेपर्टनला येतो ना, फळबागेत, नऊ-नऊ महिने खोल्यांत दाटीवाटीनं राहायचं, पैसे साठवायचे आणि परत जायचं... माझ्या तर घराचं छप्परच वादळानं नेलंय, पोरं माझ्या आईजवळ ताडपत्रीखाली झोपतात, नव्या पत्र्यांसाठी मी इथे एकेक डॉलर गाठीला बांधून बसलेली. तर आमचा मुकादम, क्लाइव्ह. साठीचा, पांढरी दाढी, पोट हे एवढं! कुणाचं काम पसंत पडेल तर शपथ. फेब्रुवारीत नासपतीची तोडणी चालू होती, तर म्हणतो, "देठासकट तोडा, देठासकट! किती वेळा सांगू? व्हा बाजूला, मी दाखवतो!" आणि चढला शिडीवर. किती चढला असेल? दोन पायऱ्या! तिसरीला पाय उचलला आणि धप्प! नासपती राहिली वर, मुकादम खाली.

सगळे नुसते बघत उभे. रुग्णवाहिकेला फोन कुणी केला? मी. पलीकडून विचारलं, "नाव?" आता माणूस स्वतःचंच नाव सांगणार ना हो? सांगितलं. गाडी आली, पण हा बाबा माझा हात सोडेचना, म्हणून गाडीतही मीच बसले, थेट दवाखान्यापर्यंत. हाडबीड काही मोडलं नव्हतं, नुसतं टेंगूळ! आणि शुक्रवारी पगार बघते तर काय... माझा अर्धा दिवस कापलेला! "कामावर नव्हतीस ना तू त्या दुपारी," म्हणतो. कामावर नव्हते? मेल्या, तुझ्या उशाशी होते!

तेव्हाच मनाशी गाठ मारली. म्हटलं, क्लाइव्ह, तुझी पाळी येईल.

आली कुणाची? माझी! चार महिन्यांनी, छाटणीच्या दिवसांत, वीका धावत आली. ही वीका ऑफिसात झाडू मारते. हातात पाकीट, माझ्या नावाचं. आत वसुली कंपनीची नोटीस: रुग्णवाहिकेचे तेराशे पन्नास डॉलर, चौदा दिवसांत भरा, नाहीतर पुढची कारवाई. शेवटची सूचना म्हणे! अगं, पहिली कुठाय? तर वीका म्हणते, "आधीची दोन क्लाइव्हच्या खणात आहेत. फोडलेली." फोडलेली! म्हणजे याला सगळं ठाऊक होतं, वाचून गप्प बसला होता, रोज सकाळी माझ्याकडे बघून "गुड मॉर्निंग" म्हणत होता! पैसे भरावे तर पत्रे गेले, न भरावे तर पुढच्या वर्षी कामाला येऊ देतील की नाही कोण जाणे... माझ्या तळपायाची आग अशी मस्तकात गेली की हातातली छाटणीची कात्री मी आधी खाली ठेवली. हो, उगाच काही व्हायला नको!

लावला फोन कंपनीला. शेरिल नावाची बाई, आवाज असा की साखरेत घोळलेला. "जन्मतारीख सांगता का, मॅडम?" सांगितली. "जुळत नाही हो." मी म्हटलं, "मग झालं तर! तो पेशंट मी नव्हेच." "जन्मतारीख जुळत नाही, तेव्हा मला तुमच्याशी या विषयावर बोलता येणार नाही. खासगी माहिती असते." "मग पैसे कुणाकडे मागताय?" "तुमच्याकडे!"

आता काय डोकं आपटू? पण मी म्हटलं, शेरिलबाई, मी पण टोंगातल्या हापाई बेटांवरची आहे, समुद्रात जाळं टाकून दिवसभर बसणारी माणसं आम्ही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन. एका हातात ब्रेड, एका हातात फोन. "कर्ज माझं ना? मग त्याचा कागद माझा. दाखवा!" नऊ दिवस! दहाव्या दिवशी कंटाळून पाठवला तिनं, रुग्णवाहिकेतला अहवाल. वाचते तर काय... नाव आकोसिता फालेतौ, पुरुष, पांढरी दाढी! केला परत फोन, "अहो, मला दाढी आहे का?" तेव्हा ती म्हणाली ते, नंतर काढलीही असेल म्हणून! "तुम्ही तो पेशंट नाही, तर खऱ्या पेशंटची सही आणा."

सही? आणते की!

मंगळवारी सकाळच्या चहाला चाळीस माणसं जमलेली, क्लाइव्ह मध्यभागी मग घेऊन. मी चढले क्रेटवर. म्हटलं, "मंडळी, फेब्रुवारीत मला काय झालं होतं ते मला आत्ताच कळलंय. ऐका! आकोसिता फालेतौ. पुरुष. वजन एकशे चार किलो." हशा! "शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून पडला." क्लाइव्हचा मग हवेतच थांबला. "रुग्ण वाटेत मम्मी, मम्मी म्हणून रडत होता. सोबतच्या बाईंना गाणं म्हणायला लावलं. गाणं थांबलं की पुन्हा रडे."

"ए, ए, बंद कर!" क्लाइव्ह ओरडला. "खासगी आहे ते!"

"हो ना, माझंच खासगी आहे, मी वाटेल तिथं वाचीन. नाव बघ कुणाचं आहे! का रे, तुझं आहे का?" त्यानं मगात तोंड खुपसलं. मी सगळ्यांकडे वळले. "काय गं, काय रे, मला दाढी आहे का?"

"नाही!" चाळीस गळे.

"मग कुणाला आहे?"

चाळीस बोटं! तरी बाबा बधेना. मी म्हटलं, "बरं, दुसरं पान घेते. यात विजारीचं लिहिलंय."

"माझं आहे! माझंच आहे, बाई, मीच होतो तो!"

दुसरं पान कोरं होतं. पण त्याला कुठं माहीत!

तिथंच, नासपतीच्या खोक्यावर कागद ठेवून सही घेतली, कापलेला अर्धा दिवसही वसूल केला. पंधरा दिवसांत शेरिलचं पत्र, तुमची तक्रार मान्य, रक्कम क्लाइव्हच्या नावावर. त्या दिवशी तुम्हाला सांगते, बिनसाखरेचा चहा गोड लागला मला! लोक त्याला बघून "मम्मी" म्हणायचे, तो गाडीत एकटा बसून डबा खायचा, आणि मी? मी खिडकीतून बघत दुसरा कप घ्यायची!

पण सुखानं सूडसुद्धा घेऊ देत नाहीत हो. आमच्या चर्चचे पाळकसाहेब, सेमिसी. म्हणाले, "आकोसिता, बायको सोडून गेली त्याची. आई गेल्या वर्षी वारली. एकटा आहे बिचारा, मी त्याला रविवारी प्रार्थनेला बोलावलंय." मी म्हटलं, "बोलवा, मला काय!" मला काय? प्रार्थनेनंतर जेवण असतं आमच्यात! पाहुण्याला पहिलं ताट आणि सगळ्यात मोठं! आणि दर रविवारी स्वयंपाक कुणाकडे? माझ्याकडे! आला, पहिल्या बाकावर बसला, बेसूर गायला, आणि भाजलेलं डुक्कर, रताळी, अळूच्या पानातलं मटण सगळं चेपून म्हणतो, "आकोसिता, तुझ्या हाताला काय चव आहे गं! पुढच्या रविवारी येऊ ना?"

पाळकसाहेब माझ्याकडे बघतायत. काय म्हणणार? म्हटलं, "ये बाबा."

अकरा रविवार झाले. येताना रिकामा डबाही आणतो आता, रात्रीसाठी! कागदोपत्री म्हणाल तर ते तेराशे पन्नास त्याच्या नावावर आहेत, खरंय... पण फेडतेय मीच. दर रविवारी एक हप्ता!