लाल गाडीची खोड

आमचं गाव आरमोरीपासून पाच कोस, जंगलाच्या बाजूनं. माझा बुढा, म्हणजे बाप, बैलाचा दलाल होता, चामोर्शीच्या बजारात त्याले सारे ओळखत, आन् त्याची एकच शिकवण होती, कासरा हातात देण्याच्या आधी बैलाची खोड सांगून द्यायची. लाथ मारते तं मारते म्हणून सांगायचं, नांगराले जुपला की बसते तं बसते म्हणून सांगायचं, घेणाऱ्यानं तरी घेतला तं मग ते त्याचं नशीब. सांगितलेली खोड अर्धी, म्हणे तो, लपवलेली दुप्पट. मी हेच आयकत मोठा झालो.

लढाईत मी लष्कराची लारी चालवली, आसामकडे. वापस आलो तं लाकडाच्या ठेकेदाराकडे ट्रकवर लागलो. पण काय सांगू तुम्हाले, मन सारं मालगुजाराच्या, म्हणजे आमच्या गावच्या जमीनदाराच्या, लाल गाडीत. दोन शिटांची, वरून उघडी, बुटकी, पळवायसाठीच बनवलेली. विलायतेले परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मालगुजारानं ती शिकारीसाठी घेतली, आन् जंगलाच्या रस्त्यावर तिचं पोट घासे म्हणून मग उभीच राहे. कधी निघाली की पोट्टे मागं धावत, आन् थोड्या येळानं तेच पोट्टे तिले ढकलत आणत, कारण तापली की ती बसे, आन् बसली की घंटाभर उठत नसे. साऱ्या मुलखाले मालूम होतं.

मालगुजारी गेली तेव्हा त्याच्या पोरानं ती विकायले काढली. मले म्हणे, सदाशिवभाऊ, तुमच्या बुढ्यानं आम्हाले कधी फसवलं नाई, तं मीबी सांगून देतो, नागपूरचा मिस्त्री पाहून गेला, इंजनाच्या डोक्याले बारीक तडा आहे, तापली की बसन, आन् सामान आता विलायतेहून येत नाई. म्हटलं मालूम आहे. तरी घेता, म्हणे. म्हटलं घेतो. बुढा जिता असता तं त्यानं कानफटीत देल्ली असती.

यमुना, माझी घरवाली, म्हणे बसका बैल कोणी फुकट देल्ला तरी घेत नाई, आन् तुम्ही जोडी विकून आणून राह्यले. जोडी म्हणजे पाखऱ्या आन् बादल्या, माझ्या हातानं वाढवलेले. आमच्याकडे हिवाळ्यात बैलाच्या शर्यती होतात, शंकरपट म्हणतात, त्याच्यात पळवलेले. ते दादाजीच्या गोठ्यात गेले. दादाजी धानाचा शेतकरी, माझ्याच उमरीचा, त्याच्या घराले लागून माझं घर. बैल सोडून नेताना म्हणे, सदाशिव, गाडी बसली तं हाक मार बरं, तुझेच बैल घेऊन ओढायले येतो. सारे हसले. मीबी हसलो, पण ते लागलं मनाले, आन् लागलेलंच राह्यलं.

खोड समजून घेतली तं गाडी वाईट नव्हती. लग्नात नेत होतो मी तिले, नवरदेव बाजूले बसवायचा, वेशीपासून मांडवापर्यंत हळू हळू. लांब जायचं असलं तं दोन कोसावर तलावाजवळ आपणच उभी करायची, बोनेट उघडायचं, बिडी प्यायची, अर्ध्या घंट्यानं निघायचं. ती बसण्याच्या आधी आपण बसवायची. अशी तीन सालं चालवली, आन् लोक खोड विसरले. मी नाई विसरलो. उलट एक गोष्ट मले जास्तीची मालूम होती, पहिल्याच उन्हाळ्यात मी एकटा असताना समजली होती, भरधाव पळवून बसली तं घंट्यात नाई उठत, दोन घंटे लागतात. हे मालगुजाराच्या पोरालेबी मालूम नव्हतं. मी कोणाले सांगितलं नाई. सांगायचं काम पडलं नाई, असं म्हणतो मी.

दादाजीची मोठी पोरगी कौसा, चौदा-पंधरा सालाची. गाडी धुताना येऊन उभी राहे. म्हणे काका, नवरदेवच काऊन बसते याच्यात, नवरीले काऊन नाई बसवत. म्हटलं तुझ्या लग्नात तुले बसवतो. म्हणे तोवर ही गाडी उठन तं.

मोहाचे दिवस होते. बायका-पोरी सकाळीच फुलं वेचायले जातात. कौसानं पाल्यात हात घातला आन् साप चावला, मनगटाच्या वर. दादाजी तिले उचलून सरळ माझ्या दारात आला. म्हणे पोहोचन का. आरमोरीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पळणारे बैल असले तं रेंगी, म्हणजे आमची हलकी बैलगाडी, तितलं दीड-पावणेदोन घंट्यात नेते. माझी गाडी अर्ध्या घंट्यात, नाई बसली तं. मधात थंडी केली तं घंट्यात. म्हटलं पोहोचन. हे खोटं नाई बोललो मी, हे लिहा. कौसाले बाजूले बसवलं, दादाजी मागं सामानाच्या जागी बसला. त्याचा लहाना भाऊ रेंगी जुपून मागून निघाला, त्याले कोणी सांगितलं नव्हतं.

तलावाजवळ थांबायले पाह्यजे होतं. पोरगी बाजूले तशी बसली असताना कोण थांबन. जोरानं घेतली. अडीच कोसावर नाल्याचा चढ आहे, दोन्हीकडे ऐनाची झाडं, तिथी बसली.

बोनेट उघडलं. इंजन थंडं होताना टिक टिक वाजते, आधी जल्दी, मग हळू. ते आयकत आम्ही उभे. कौसाचे डोळे मिटून राह्यले होते, पण बोलत होती, म्हणे काका, बसली ना मी नवरीवानी. अर्ध्या घंट्यानं रेंगी आली. पाखऱ्या-बादल्याच्या तोंडाले फेस. पाखऱ्यानं मले ओळखलं, मान हलवली. दादाजीचा भाऊ म्हणे टाका पोरीले रेंगीत, चला. दादाजीनं माझ्याकडे पाह्यलं. म्हणे कितीक येळ लागन हिले.

मी इंजनावर हात ठेवला. तव्यावानी तापलं होतं. पुरा दीड घंटा बाकी आहे हे मले मालूम होतं, जसं आता तुम्ही समोर बसले हे मालूम आहे. आन् समोर माझे विकलेले बैल उभे होते. मी म्हटलं, पाव घंटा. तिले हलवू नका.

पाव घंट्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाऊण झाला. मग दादाजीनं तिले उचललं, रेंगीत ठेवलं. आरमोरीची घरं दिसू लागली तेव्हा ती गेली. मी गाडीजवळच होतो. दुपार चढल्यावर हँडल मारलं तं एका झटक्यात सुरू झाली.

तेव्हा नेली असती तं वाचली असती का, हे मी डॉक्टरले इचारलं नाई. चार सालं झाली. गावात कोणी बोट नाई दाखवलं, साप होता, म्हणतात. गाडी मी गोठ्यात लावून टाकली. पण ते टिक टिक जात नाई. चुलीवरून तवा उतरवला की तोबी तसाच वाजते, बारीक. यमुनाले कधी सांगितलं नाई, तरी ती आजकाल तवा बाहेर अंगणात नेऊन ठेवते.

आता दादाजीच्या लहान्या पोरीचं लगीन निघालं, शांतीचं. परवा तो आला, म्हणे नवरदेवाले लाल गाडी पाह्यजे, काढशीन का. मी हो म्हटलं नाई, नाईबी म्हटलं नाई. काल त्याच्या अंगणात गेलो. बसलो आन् सांगून टाकलं, दादाजी, त्या दिवशी दीड घंटा बाकी होता, मले मालूम होतं, मी पाव घंटा बोललो, बैलांपायी बोललो.

तो खाटेची दोरी आवळून राह्यला होता. हात थांबला नाई त्याचा. म्हणे मले तेव्हाच समजलं. इंजनावर हात ठेवला आन् कसा झटक्यानं काढला तू, तळवा लाल झाला होता, मी पाह्यला. म्हटलं मंग काऊन बोलला नाई. त्यानं दोरीले गाठ मारली. म्हणे ती हसून राह्यली होती रे. तिथून उचलली असती तं तिले समजलं असतं आपलं काय होऊन राह्यलं ते. म्हणून मीच मनात म्हटलं, आणखी जरासं बसू दे तिले.

ओझं उतरन म्हणून गेलो होतो मी. उतरलं नाई, दोघांचं झालं.

तितक्यात कौसाची माय अक्षता घेऊन बाहेर आली. म्हणे काय मुक्यावानी बसले दोघं, गाडी नाई म्हणते का सदाशिवभाऊ. दादाजी म्हणे येते तो, आन् ती पाठमोरी झाली तशी हळूच म्हणे, हिले नको सांगू, हिच्यासाठी साप आहे तं सापच राहू दे.

सोमवारी लगीन आहे. नवरदेवाले आणन मी, माझ्यानं नाई म्हणवत नाई. शांती सुखानं नांदो, मायच्या डोळ्यासमोर नांदो. तुम्ही हे लिहून राह्यले तं लिहा, नावासकट लिहा. त्या माउलीले वाचता येत नाई, म्हणून सांगितलं.