लाल चिमटा

नाही नाही, किल्ली अजून फिरवू नका मास्तर, आधी बोनेट उघडून बघा — गाडी बघायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग सीट दाबतो, मग काच खाली-वर करतो, आणि तेवढ्यात त्याची फसवणूक पूर्ण झालेली असते. तुम्ही शिकवणारे, तुम्हाला मी काय सांगायचं. बोनेटचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा जरा उजळ आहे, दिसलं ना? बोनेट नवीन आहे. का बदललं ते सांगतो, पण क्रमाने — चौतीस वर्षं कारकुनी केली, क्रम मोडला की मला धाप लागते. हे बॅटरीचं टोक. यावर पांढरी भुकटी धरते, मिठासारखी. मग गाडी सकाळी नुसती कुरकुरते आणि लोक बॅटरीला शिव्या देत नवी आणतात. काही लागत नाही — गरम पाणी, जुना टूथब्रश, कोरडं पुसून वर बोटभर व्हॅसलीन. आणि हे पाण्याचं झाकण, इंजिन तापलेलं असताना याला हात लावायचा नाही, तोंड भाजतं. मुलीला हे आधी शिकवा, गिअर नंतर. तिच्यासाठीच घेताय ना? चांगलं करताय. शिकाऊ हाताला जुनी गाडीच बरी, तिनं आधीच सगळं भोगलेलं असतं.

मागची डावी काच पूर्ण खाली जात नाही. क्लच जरा वर पकडतो. पहिल्या गिअरला खळखळ येते, ती येऊ द्यायची, म्हाताऱ्या माणसाला उठताना खाकरायला लागतं तसं आहे ते. सगळं या वहीत आहे. घ्या, हातात घ्या — पंधरा वर्षांत टायरात हवा भरली तरी तारीख आहे, वेळ आहे, पानांना आकडे आहेत. आणि माझी एकच अट, वही गाडीबरोबर न्यायची. भाव तुम्ही म्हणाल तो, पण वही या घरात राहता कामा नये. का म्हणजे — गाडीच नसेल तर वही काय उशाला घेऊ?

वर बघू नका, तो आमचा दादा. थोरला भाऊ. खिडकीशीच बसलेला असतो दिवसभर. अकरा महिने झाले, अंगाची एक बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं सगळं. मी बोनेट उघडलं की मान वळवतो. हो, याच गाडीत. ब्रेक गेले उतारावर, खालच्या वळणाला भिंत आहे, येताना डावीकडे लागली असेल तुम्हाला. यंत्र आहे, अचानक जातं, कुणाला काय माहीत असतं? आता ब्रेक नवेकोरे आहेत, पावती वहीत चिकटवलीय. मी घरात नव्हतो तेव्हा, बाजारात होतो — वहिनी निघाल्या होत्या त्याच्याबरोबर, पायरीवरून चष्म्यासाठी परत फिरल्या, आणि दादाला थांबायची सवय नाही, तो निघाला. चष्म्यानं वाचवलं म्हणतात त्या. चष्मा सापडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर, उताराला लागलेली, मागचे लाल दिवे एकदा लागले, दोनदा लागले, मग लागले ते विझेचनात, पाय दाबूनच धरला असणार बिचाऱ्यानं —

दिवे? कुणीतरी सांगितलं. बघणारे असतात ना लोक. हँडब्रेक ओढला होता, तोही सांगतो, पण त्याची तार ढिली होती, बारा तारखेची नोंद आहे बघा. नाही, तेवढंच बघा, पुढचं कशाला चाळताय — शेवटची पानं नुसती दुरुस्तीची आहेत. मधलं वाचा, वायपरच्या रबराचं वाचा, मुलीच्या कामाला येईल.

चिमटा? वाचलंत वाटतं. तो आमच्या घरचा नियम. किल्ली दारामागच्या खुंटीवर असायची, आणि गाडीत काही बिघाड असला की मी किल्लीला लाल चिमटा लावायचो, कपडे वाळत घालायचा असतो ना, तो. चिमटा असला की गाडी काढायची नाही. माणसं तीन, नियम एक. गाडी माझ्या नावावर, पण चालवायचा दादा, मी आपला पुसायचो आणि लिहायचो. हसायचा त्यावर. चार पाहुणे बसलेले असताना म्हणाला, आमच्या भाऊला गाडी चालवायची नसते, तिचं सर्व्हिस बुक भरायचं असतं, उद्या तिला निवृत्तीवेतनही मंजूर करील. सगळे हसले. वहिनीसुद्धा हसल्या. मला वाईट नाही वाटलं, वाक्य चांगलंच होतं. पण पाहुणे बदलायचे आणि वाक्य तेच राहायचं, त्याला काय करायचं? मात्र एक सांगतो, खोटं नाही बोलणार — हसायचा, पण चिमटा दिसला की किल्लीला हात लावायचा नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही.

कुठली ओळ? चौदा तारीख. हो, अक्षर माझंच. आठ दहा — मागचं डावं चाक आतून ओलं, ब्रेक ऑइल खुणेच्या खाली, पेडल तळाला टेकतं, गाडी काढू नये, चिमटा लावला. बरोबर आहे, नियमाप्रमाणे आहे. खालची ओळ राहू द्या. मास्तर, राहू द्या म्हणतोय ना, मुलांच्या वह्या तपासून तपासून तुम्हाला सवयच लागलीय प्रत्येक ओळ वाचायची —

नऊ पाच, चिमटा काढला.

आता वाचलंतच, तर पुरतं ऐका. आदल्या रात्री पुन्हा पाहुणे होते. मला वाटलं, एकदा घाबरू दे. फाटकाशीच कळेल, पेडल खाली गेलं की कळेल, थांबेल, उतरेल, घाम पुसत म्हणेल, भाऊ, तुझं बरोबर होतं. एवढंच पाहिजे होतं हो मला, एक वाक्य. वहिनी बरोबर जाणार हे कुठे माहीत होतं? दादा दाढी करत होता, पाठ माझ्याकडे होती. समोर आरसा होता हे मला नंतर सुचलं, गच्चीत उभा असताना. त्यानं आरशात बघितलं असेल तर काय बघितलं? मीच माझ्या हातानं चिमटा काढला, म्हणजे गाडी धड झाली. माझ्या चिमट्यावर भरवसा ठेवून गेला तो.

पान फाडायचं? अकरा महिने तेच म्हणतोय स्वतःला. पण आकडे घातलेत ना पानांना. एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा — फाडलेलं पान लिहिलेल्यापेक्षा मोठ्यानं बोलतं. आणि खोटी नोंद माझ्या हातून होत नाही, तशीच खरी पुसवतही नाही. म्हणून म्हणतोय, घेऊन जा. तुमच्या गावी, तुमच्या कपाटात. वहिनींना माहीत नाही यातलं. माझं जेवण अजून त्याच वाढतात. गेल्या आठवड्यात दादा पहिल्यांदा बोलला, एकच शब्द, किल्ली. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे, आता एकेक शब्द येत जाईल. वहिनी आनंदानं रडल्या, आणि म्हणाल्या, ही गाडी अंगणातून काढा, त्यांना त्याच दिवसाची आठवण होते.

थांबा. खिडकीत नाहीये तो.

हो वहिनी, इथेच आहे, मास्तरांना गाडी दाखवतोय. काय? आणखी एक शब्द? मोठ्यानं बोला ना, ऐकू नाही आलं — काढला? नुसतं काढला म्हणाला? कुणी काढला, काय काढला, तुम्ही विचारलंत त्याला? बोट कुठे दाखवतोय?

आलो. आलो म्हटलं ना.

वही ठेवा इथे बोनेटवर. नाही, ठेवा, गाडी विकायची नाही आता. आणि जाताना फाटक ओढून घ्या मास्तर, त्याची कडी आपोआप लागत नाही.