डिंपलच्या भाकरीतलं पीठ

नाई, खुर्ची नका सरकवू, मी बसाले नाई आली. बोलते अन् निंघते. डिंपलची माय आहो मी, कुंताबाई — हो, तेच डिंपल, तुमच्या पोलीस भरतीच्या पोरींतली. तिकडं पोरी पळून राहिल्या ना, म्हनून पदर पुढं वढून भिंतीच्या आडानं आली. तिनं मले इथं पाहिलं, तर घरी जे चार शब्द बोलते तेबी बंद करन. तर कुलदीप सर, एकच इचारते — माझ्या पोरीचा भात काहून बंद केला तुम्ही?

मान नका हलवू. तिच्याच तोंडून आयकलं मी — 'सरनं सांगतलं, भातानं पोट निंघते, पोट निंघालं का पाय उचलत नाई.' मागच्या भरतीत धावन्यात जराशासाठी राहिली ना ते, तवापासून डोक्यात बसलं तिच्या. फोनमधल्या बाया सांगते — भात म्हंजे साखर, काकडी खा, गरम पान्यात लिंबू पिळून पेत जा — अन् हे तसंच करते. अंडं उकडते अन् त्यातलं पिवळं कुत्र्यापुढं टाकते. ताकद पिवळ्यातच असन ना, सर? का नसन? मी अडानी बाई. पन आमचं घर धानाचं. तलावाखाली धानाच्या बांध्या आहेत आमच्या. यंदा नव्या धानाचा भात तिच्या बापानं आपल्या हातानं वाढला तिले — तिनं ताट सरकवलं. 'बाबा, हे मले जहर आहे' म्हने. तो मानूस उठला, हात धुतले, गेला बांधीवर. भाताले जहर! कोनं शिकवलं हे? तुम्ही नाई तर कोनं?

काय? — रातचा थोडा कमी करा, इतकंच? अन् वरन, दूध, अंडी वाढवा म्हनलं होतं? सगळ्या पोरींपुढं? — हे नाई सांगतलं तिनं घरी. हे नाई सांगतलं... द्या ते खुर्ची. बसते जराशी.

आयका, तिले सांगू नका हं. पोरगी वाळून चालली, सर. फनीत केसाचे गुच्छे येते. दोन महिने झाले, तिले ते — जाऊ द्या, तुम्ही पुरुष मानूस. माय काय करन? ज्वारीच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळाले लागली मी. आधी मूठभर, मंग अर्धंअर्ध. 'आई, आज भाकर मस्त झाली' म्हने, अन् एक जास्तीची खाल्ली. एक जास्तीची! मी चुलीकडं तोंड करून बसली, हसू दिसू नये म्हनून. तसंच चाललं असतं — पन परवा पीठ मिसळून राहिली होती, तर हे मागं येऊन उभी. मले वाटलं, वरडन. नाई वरडली. 'तू मले फसवून राहिली होती?' — बस, इतकंच. तवापासून माझ्या हातचं पानीबी पेत नाई. म्हनून आली मी. भांडाले आली असं तुम्हाले वाटलं असन, पन भांडून काय करू? तुमचं आयकते ते. एक बार म्हना तिले — डिंपल, जेव. द्या ना आवाज, तिकडंच असन —

नाई? नाई कशी? माझ्यासमोर निंघाली ते, बूट घालून, सायकलवर. रोज निंघते. — चक्कर येऊन पडली? इथं? अन् तुम्ही म्हनलं, डॉक्टरले दाखव, घरच्यायले घेऊन ये, मंगच पळ — अन् तवापासून आलीच नाई? मंग रोज घामानं भिजून घरी येते, ते कुठून येते, सर?

थांबा. फोन लावते... हॅलो, डिंपल? कुठं आहेस माय? — ग्राउंडवर? सर पळवून राहिले?... बेटा, मीबी ग्राउंडवरच आहो. तुया सरच्या समोर. — हॅलो? — रडू नको. रागावत नाई मी. कुठं आहेस तेवढं सांग. — तलावाच्या काठी, पारीवर? एकटीच? डोळ्यापुढं अंधार येते? खाली बस. बस म्हनते ना! पान्याजवळ जाऊ नको, तोंड धुवालेबी नको. मी येऊन राहिली. फोन ठेवू नको, बोलत राह्य, काहीबी बोल... — सर, गाडी काढा. अन् तिथं पोचल्यावर शिकवाले नका लागू तिले — काय म्हनली, डिंपल? जोरात बोल, माय — सर, चूप राहा जरा, आयकू द्या...

भूक लागली म्हनते.

काढा ना गाडी, उभे काय राहिले!