मागच्या ट्रॉलीचा आवाज

(पालीतलं माहेर, दिवाळीनंतरची सकाळ. रोहिणी आणि तिचा भाऊ बजरंग चहाचे कप पुढ्यात घेऊन गप्प. आपण आधी बोलायचं नाही, एवढं रोहिणीनं मनाशी धरलेलं. तेवढ्यात तिच्या लेकीनं, संस्कृतीनं, पालथ्या ताटलीवर चमचा हाणला. टण्ण!)

संस्कृती : आई, ताटली पास! आता मामाचा कप वाजवू?

बजरंग : वाजव बाई, वाजव. पहाटं तुझ्या आईनं माझ्या ट्रॉल्या वाजवल्या, आता तू कप वाजव. दोघी मिळून समदं घर नापास करा.

रोहिणी : घर नाही नापास केलं. एक एक्सल केलाय. मागच्या ट्रॉलीचा.

बजरंग : बोलली! मला वाटलं आज मौन हाय.

रोहिणी : तू ती ट्रॉली सोडून ठेव, दादा. मग दिवसभर मौन धरते.

बजरंग : सोडून ठेव! दहा वाजता ऊसतोडीची टोळी दारात येती. अकरा जोड्या, बावीस माणसं, वर लेकरं, भांडी, सरपण. सिदू मुकादमानं नारळबी आणून ठिवलाय. त्यांना काय सांगू? माझ्या बहिणीच्या फोनला आवाज आवडला न्हाई?

रोहिणी : हो. असंच सांग.

बजरंग : हसतील की माझ्यावर.

रोहिणी : हसू दे. मांजरसुंब्याच्या घाटात चाक निखळलं तर कोण हसणार आहे?

बजरंग : तीन साल झाले ऊस वाहतोय मी. निखळलंय कधी?

रोहिणी : तीन साल वाहतोय म्हणूनच म्हणते.

संस्कृती : मामा, आई चाकणला पण असंच करते. काल इथं मी आणि माझ्या मैत्रिणीनं, अंजूनं, तिच्या घरचा माठ वाजवला. तो पास झाला.

बजरंग : तुझी आजीबी बाजारात माठ बोटानं वाजवून घेती. ती कुठं इंजिनेर झाली?

रोहिणी : कंपनीत मी तेच सांगितलं होतं, आईचं. पूर्वी तिथं शंभर पार्टमधला एक कापून बघायचे, आत चीर आहे का म्हणून.

बजरंग : कापल्यावर गिऱ्हाइकाला काय देणार?

रोहिणी : तेच तर! कापलेला चांगला निघायचा, आणि उरलेले नव्याण्णव देवाच्या भरवशावर. आता प्रत्येकाला हातोडीचा एक टोला. मशीन ऐकतं, दोन सेकंदांत सांगतं. शोध लावणारी म्हणून माझं नाव लागलंय त्यावर.

बजरंग : म्हाईत हाय. आईनं कात्रण देवघरात ठिवलंय. पण ते नवं कोरं लोखंड. माझ्या एक्सलवर तीन सालांचा चिखल बसलाय. चिखलानं आवाज मरत न्हाई का?

रोहिणी : मरतो. बरोबर पकडलंस. म्हणून पहाटे दोन्ही एक्सल खरवडून धुतले. स्प्रिंगचे पाटे सारखे कसून घेतले. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या, दोन्ही जॅकवर. तू एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणल्यास ना त्या? मग आवाज सारखाच यायला पाहिजे. पुढचा लांबवर वाजत राहतो. मागचा चटकन बसतो. आठ वेळा वाजवून आवाज फोनवर मोजला, आठही वेळा तसाच.

बजरंग : मग फोन म्हणतो का, चीर हाय?

रोहिणी : फोन एवढंच म्हणतो, हे दोघं सारखे नाहीत. चीर आहे, हे मी म्हणते.

बजरंग : आन् तू चुकली तर?

रोहिणी : तर तुझा एक दिवस जाईल. मी सिदूकाकांसमोर कान धरीन.

बजरंग : दिवस! तुला दिवसच दिसतो. अगं, कारखान्यावर जी टोळी आधी पोचती तिला पाण्याजवळ जागा मिळती. मागून गेलं की राहायला लांब माळावर कोप्या टाकायच्या. गेल्या साली आमी उशिरा गेलतो. दिवसभर ऊस तोडून बाया हंडे घिऊन दोन-दोन किलोमीटर चालायच्या. अंजूच्या आईला, बबिताला, आठवा महिना होता. तीबी चालली. मी रोज डोळ्यानं बघितलं. म्हणून औंदा शब्द दिलाय, पयल्या दिवशी पोचवतो म्हणून.

रोहिणी : हे तू मला सांगितलं नाहीस.

बजरंग : तू इचारलं का? तू फोन काढला.

रोहिणी : चुकलं माझं. पण दादा, पाण्याजवळ पोचायला आधी पोचायला तर पाहिजे.

बजरंग : बोलायला हुशार तू पयल्यापास्नं. ट्रॅक्टरवर कंबर गेली आपल्या बापाची, तात्यांची, आन् गादी केली तू मोटारीला.

रोहिणी : तात्यांच्या कंबरेवरूनच सुचली ती. खड्डा आला की धक्का गादीच गिळते, मणक्यापर्यंत जाऊ देत नाही. पण आमची कंपनी मोटारी बनवते. ट्रॅक्टर नाही बनवत.

बजरंग : चिडू नको. मी आपलं म्हणलं.

संस्कृती : मामा, आणि माझा पट्टा! मोटारीतला पट्टा लहान मुलांच्या गळ्याला लागायचा. मग आईनं माझं माप घेतलं. आता मी बसले की तो आपोआप खाली येतो, इथं, खांद्यावर. जोरात ब्रेक लागला तरी मी हलत नाही. माझं माप सगळ्या गाड्यांत आहे!

बजरंग : समद्या?

संस्कृती : समद्या!

रोहिणी : एका मॉडेलच्या गं, राणी. दादा, डोळ्यांनी दाखवलं तर ऐकशील?

बजरंग : डोळ्यानं दाखव, लगेच ऐकतो.

रोहिणी : संस्कृती, तुझा पांढरा खडू आण.

संस्कृती : नवा?

रोहिणी : नवा. तू डिझेलचं फडकं घे, दादा. आणि एक कोरडं. चल, ट्रॉलीखाली.

बजरंग : पार्टचा आवाज ऐकणारी मशीन, तिच्यावर पेपरात नाव, आन् शेवटी खडू.

रोहिणी : डिझेल लाव आधी. चाकाजवळ, पार कडेपर्यंत. मुरू दे जरा. आता कोरड्यानं पूस. कोरडं ठणठणीत झालं पाहिजे. संस्कृती, घास खडू. भिंतीला चुना लावतात तसा जाड.

संस्कृती : अख्खा घासू?

रोहिणी : घास. चीर असली तर आत गेलेलं डिझेल खडू परत वर ओढतो.

बजरंग : किती थांबायचं?

रोहिणी : दोन-तीन मिनिटं.

बजरंग : काही न्हाई. पांढरं सफेद हाय.

रोहिणी : थांब रे.

बजरंग : थांबलो. तिकडं सिदू मुकादमाचा दुसऱ्यांदा फोन वाजायलाय.

रोहिणी : वाजू दे.

संस्कृती : मामा, ही रेघ तुम्ही ओढली?

बजरंग : कुठली?

संस्कृती : ही. केसासारखी. चाकाच्या आत जाते.

रोहिणी : बोट नको लावू.

बजरंग : ओरखडा असंल. पुसतो. परत घास, पोरी.

संस्कृती : माझा खडू संपेल!

बजरंग : बीडहून पेटी आणतो, रंगीत. घास.

रोहिणी : ओरखडा पुसल्यावर पुन्हा ओला होत नाही, दादा. बघ तूच.

संस्कृती : आली! तिथंच आली.

बजरंग : रोहे.

रोहिणी : हं.

बजरंग : लई लांब गेलीय गं.

रोहिणी : निम्म्याच्या वर.

बजरंग : आन् मी ह्याच्यावर आज लेकरं बसवून घाट... जाऊ दे. दे, फडकं दे इकडं.

रोहिणी : नवा एक्सल बीडला मिळेल?

बजरंग : बनवून घ्यावा लागतो. दोन दिवस. राधाकिशनची ट्रॉली हाय गावात, आमी संगंच घेतल्याली. औंदा त्यानं खोदायचं पोकलेन घेतलं, ट्रॉली शेडात उभी हाय.

रोहिणी : मग माग की.

बजरंग : निवडणुकीपास्नं बोलणं बंद हाय. त्याच्या पॅनलला माईकवर काय काय बोललो मी. पार त्याच्या म्हशीपर्यंत गेलतो.

रोहिणी : मी जाते. त्याच्या घरच्या छबुकाकू मला अजून जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

बजरंग : न्हाई. ट्रॉली माझी, माणसं माझ्या शब्दावर निघालेली. मीच मागतो. ...हॅलो. राधाकिशनभाऊ? मी बजरंग... हां, पुसला असंल नंबर, माझ्याकडं हाय तुमचा... न्हाई, भांडायला न्हाई लावला... म्हैस? ती माईकवरची गोष्ट हो, म्हैस चांगलीच हाय तुमची... ट्रॉलीचा एक्सल पायजे होता... आजच... बावीस माणसं हायेत, भाऊ, लेकरं हायेत... हां... न्हाई, खडूनं कळलं... खडू. शाळेतला... रोहिणीनं. हां, नाथातात्याची लेक... बरं. बरं.

रोहिणी : काय म्हणाला?

बजरंग : म्हणतो, एक्सल खोलत कशाला बसता, पुरी ट्रॉलीच घिऊन जावा.

रोहिणी : बघ!

बजरंग : आन् म्हणला, पुढल्या सभेत म्हशीची माफी माईकवरच मागायची.

रोहिणी : माग. मी टाळ्या वाजवायला येते.

बजरंग : बाराला निघालो तरी बाकीच्यांच्या आधी पोचतो. चल, जोडायला जातो मी.

रोहिणी : जोडायची नाही. आधी मी वाजवणार. ती पास झाल्याशिवाय एक माणूस बसणार नाही.

बजरंग : त्याच्या शेडात, त्याच्यासमोर वाजवतीस?

रोहिणी : त्याच्यासमोर. म्हशीसमोर पण.

बजरंग : वाजव बाई. आन् संस्कृते, उरलेला खडू घिऊन चल तूबी. पुढच्या ट्रॉलीत सामान, मागच्यात माणसं बसतील. बबिताला सांगतो, लेकरांना मधल्या बाजूला घे, फळीला धरून.

संस्कृती : अंजू पण जाणार?

बजरंग : व्हय. आईबापाबरोबर जाती की. सहा महिने.

संस्कृती : ट्रॉलीतून?

बजरंग : ट्रॉलीतूनच.

संस्कृती : आई, अंजू माझ्याएवढी नाही. काल आम्ही पाठीला पाठ लावून बघितलं, ती माझ्या कानापर्यंतच येते. तिच्या मापाचा पट्टा तू कुठं लावलास?