लक्ष्मीपूजनाला बसलेला कैसर

अमेरिकेत, आमच्या अर्विंगच्या घरात चक्क एका जर्मन बादशहाची पूजा झालीय यार!

शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरनं त्याच्या आजोबांचं चांदीचं नाणं मला बघायला दिलं होतं. त्यावर आकडेबाज मिशांचा कैसर, म्हणजे जर्मनीचा बादशहा. ते टेबलावर ठेवून मी ऑफिसला गेलो. नेमकं त्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि आई नागपूरहून आलेली! संध्याकाळी बघतो तर कैसर पाटावर. टूथपेस्टनं घासून लखलखीत, कपाळाला हळदकुंकू, समोर करंजी.

तेवढ्यात वॉल्टर नाणं परत न्यायला दारात हजर.

आई म्हणाली, "त्यांना सांग, आज लक्ष्मी घराबाहेर देत नसतात."

"आई, लक्ष्मीला मिशा असतात का?"

"चांदी आहे ना? मग झालं!"

मी वॉल्टरला सगळं समजावलं. तो कैसरकडे बघतच राहिला. म्हणाला, "पण हा तर महायुद्ध हरला! गादी गेली, देश सोडून पळाला!"

मी ते आईला मराठीत सांगितलं. वाटलं, आता तरी याला पाटावरून उठवेल.

आईचा चेहराच पडला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं? मघापासून एकाच करंजीवर बसवलंय बिचाऱ्याला!"